पुन्हा: पुन्हा: पीएसएटीची जागा, एपी आणि दिवाळीचा शनिवार

मृ., डब्लिन

सप्रेम नमस्कार मंडळी,

थोरली घरीच शिकते (होमस्कूल), आता अकरावीत आहे. ऑक्टोबरच्या पीएसएटीसाठी (सॅटच्या आधीची सराव परीक्षा) इथल्या, कॅलिफोर्नियातल्या डब्लिनजवळच्या तीन हायस्कूलांत विचारलं. दोघांनी बाहेरची मुलं घेत नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्यांकडून उत्तरच नाही. सॅट (कॉलेजप्रवेशाची परीक्षा) कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर आपली आपण नोंदवता येते, तशी ही येत नाही. कुणाच्या मुलांच्या शाळेत होमस्कूलवाल्यांना बसू देतात का?

दुसरं, नोव्हेंबरची सॅट आणि मंडळाचा दिवाळी कार्यक्रम एकाच शनिवारी आहेत आणि ती नाटकात आहे. सॅट पुढे न्यावी का?

र., फ्रीमाँट

मृ., तू ऑफिसात फोन केलास ना? तिथून नाहीच म्हणणार. पीएसएटी कोऑर्डिनेटर कोण आहे ते विचार, बहुतेक ठिकाणी तो एखादा काउन्सेलर असतो, आणि त्याला थेट ईमेल कर. मुलीची इयत्ता, ती होमस्कूल आहे, आणि फी तसंच देखरेखीचा खर्च आम्ही देऊ, एवढं लिहिलं की पुरे. सरकारी शाळांवर अडून बसू नकोस, लहान खासगी शाळांनाही विचार. परीक्षा एकाच दिवशी नसते. ऑक्टोबरभर मुदत असते आणि प्रत्येक शाळा आपला दिवस ठरवते.

जागा मिळाली तर परीक्षेच्या दिवशी त्या शाळेचा कोड भरायचा नाही. आपल्या राज्याचा होमस्कूल कोड वेगळा असतो, तो आधीच कागदावर लिहून दे. शाळेचा कोड पडला तर निकाल आणि नॅशनल मेरिटची (पीएसएटीवरून मिळणारी शिष्यवृत्ती) पत्रं त्या शाळेकडे जातात आणि तिथे ती कुणी उघडत नाही.

नॅशनल मेरिटला अकरावीचाच पीएसएटी धरतात, दहावीचा नाही. वाचन-लेखनाच्या गुणांची दुप्पट अधिक गणिताचे गुण, भागिले १०, असा तो निर्देशांक निघतो. कमाल २२८. म्हणजे इंग्रजीतले १० गुण दोन अंकांचे आणि गणितातले १० एका अंकाचे. आपली मुलं उरलेला महिना गणितात घालवतात, तो इंग्रजीला द्यावा.

कुठेच सोय झाली नाही तर नकाराचे ईमेल जपून ठेव. खरी अडचण असेल तर नॅशनल मेरिटकडे शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत पर्यायी प्रवेश मागता येतो. त्याचं पत्र पुढच्या १ एप्रिलच्या आत गेलं पाहिजे.

शि., मिलपिटास

काकांचं सगळं बरोबर आहे, पण पीएसएटी हुकला तर एक शिष्यवृत्ती हुकते. खरी घाई एपीची (हायस्कूलात असतानाच द्यायच्या कॉलेज पातळीच्या विषयवार परीक्षा) आहे आणि त्याबद्दल इथे कुणीच बोलत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलीचं ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि गुणांचं पत्रक) तिची आईच लिहिते. त्यातल्या 'ए'ला बाहेरून दुजोरा कोण देणार? पूर्वी सॅट सब्जेक्ट टेस्ट होत्या, त्या जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत बंद झाल्या. आता एपी आणि कम्युनिटी कॉलेजातले (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) विषय, एवढंच उरलं. एपी वर्षातून एकदाच, मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत. निकाल जुलैत. बारावीच्या मेचा निकाल येतो तेव्हा कॉलेजांचे निर्णय मार्चअखेरीस होऊन गेलेले असतात. मृ., तुझ्या हातात हा येणारा एकच मे आहे. सातवी-आठवीवाल्या पालकांनी आत्ताच मोजून ठेवा: दहावीचा आणि अकरावीचा, असे कामाचे मे दोनच.

आणि तो मे नोव्हेंबरात ठरतो. शाळेने एपीची ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्यायची असते, त्यानंतर प्रत्येक पेपरला ४० डॉलर जादा. मूळ फी २०२६ मध्ये ९९ डॉलर, शाळा वर आपला खर्च लावते. कॉलेज बोर्डाच्या एपी कोर्स लेजरवर कोणत्या शाळेत कोणता विषय चालतो ते दिसतं. जिथे केमिस्ट्री शिकवतात तिथेच केमिस्ट्रीसाठी विचार, कारण एका बाहेरच्या मुलीसाठी वेगळी खोली उघडायला कुणी तयार होत नाही. होकार आला की कोऑर्डिनेटरकडून 'फक्त परीक्षा' गटाचा जॉइन कोड घ्यायचा आणि तो माय एपी या कॉलेज बोर्डाच्या साइटवर टाकायचा. कोड टाकला नाही तर तोंडी होकाराला अर्थ नाही.

ट्रान्सक्रिप्टवर विषयाला 'एपी' हे नाव लावायचं असेल तर अभ्यासक्रम कॉलेज बोर्डाच्या कोर्स ऑडिटमधून (अभ्यासक्रमाची तपासणी) मंजूर व्हावा लागतो. पालकही तो पाठवू शकतात. नाहीतर 'केमिस्ट्री, एपी परीक्षेसह' असं लिहा.

सॅटचं म्हणाल तर मेची नकोच, ती एपीला चिकटून येते. मार्चमध्ये पहिली, लागली तर ऑगस्टमध्ये दुसरी. ऑक्टोबर शेवटची, कारण कॉलेजांचे अर्ली (लवकरच्या फेरीचे) अर्ज बहुतेक १ नोव्हेंबरला जातात आणि निकालाला दोनेक आठवडे लागतात. अकरावीच्या नोव्हेंबरात सॅट द्यायची गरज नाही. नाटक करू दे.

र., फ्रीमाँट

इथे माझं जुळत नाही. पीएसएटी आणि सॅट दोन्ही एकाच धाटणीच्या: ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटं, पहिला भाग कसा जातो त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. ऑक्टोबरची तयारी ताजी असताना नोव्हेंबरात सॅट दिली तर अकरावीचं पूर्ण वसंत सत्र एपीला मोकळं मिळतं. मार्चपर्यंत थांबलात की मार्चची सॅट आणि मेची एपी एकमेकांच्या उरावर बसतात. अट एकच, अल्जेब्रा २ पूर्ण झालेलं हवं. कॅल्क्युलसचा सॅटला उपयोग नाही.

डिसेंबर सुचवू नका. कम्युनिटी कॉलेजात विषय घेतले असतील तर त्यांच्या सत्र परीक्षा त्याच सुमारास असतात.

सांस्कृतिक समिती

हॉल बुक आहे, तारीख हलणार नाही. हे स्पष्ट लिहितो कारण गेल्या वर्षीची चर्चा सर्वांना आठवत असेल.

पण सॅट सकाळी असते. ८ वाजता दरवाजे बंद, साडेअकरापर्यंत मुलं बाहेर. मेकअप ३ वाजता आहे. शुक्रवारची रंगीत तालीम मात्र रात्री साडेनऊपर्यंत चालते, तिथे परीक्षा असलेल्या मुलांचे प्रवेश आधी घेऊ. कोण कोण बसणार आहे ते आम्हाला कळवा, या ईमेल यादीवर नको.

शि., मिलपिटास

समितीचे दादा, केंद्र जवळ मिळालं तर. बे एरियातली केंद्रं नोंदणीच्या मुदतीच्या खूप आधी भरतात. मग सॅक्रामेंटोच्या पलीकडचं केंद्र घ्यायचं की नाही हा प्रश्न येतो, आणि तसं झालं तर ३ वाजता पोचणं अवघड.

नि., सॅन होजे

यूसीला (कॅलिफोर्निया विद्यापीठाला) सॅट चालतच नाही. इतकी धावपळ कशाला?

र., फ्रीमाँट

यूसी सॅट किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेश परीक्षा) पाहत नाही, खरं आहे. पण एमआयटी, कॅलटेक, हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केली आहे. आणि यूसीत घरच्या शाळेला वेगळी अडचण येते: प्रायव्हेट स्कूल अफिडेव्हिट (खासगी शाळेचं प्रतिज्ञापत्र) भरून चालवलेल्या शाळेकडे यूसी प्रवेशाला लागणाऱ्या 'ए-जी' विषयांची मंजूर यादी नसते. ती पोकळी कम्युनिटी कॉलेजचे विषय भरून काढतात. एपीत ३ किंवा जास्त गुण असतील तर बऱ्याच विषयांत तेही चालतात. म्हणजे यूसी असो वा नसो, शि. म्हणतेय तो मे महत्त्वाचा.

अ., ट्रेसी

ओळखपत्राचं कुणी लिहिलं नाही. शाळेचं कार्ड नसतं, त्यामुळे पासपोर्ट किंवा राज्याचं ओळखपत्र लागतं. कॉलेज बोर्डाचा स्टुडंट आयडी फॉर्मही चालतो, पण होमस्कूलच्या मुलांना तो नोटरी करून घ्यावा लागतो. नाव तंतोतंत जुळवा. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव त्याच रकान्यात छापलेलं असतं आणि नोंदणीत ते सोडून दिलेलं असतं. केंद्रावर त्यावरून अडवू शकतात. खातं उघडतानाच पासपोर्ट समोर ठेवा. सॅट नोंदणीत शाळेचा कोड ९७००००.

मराठी शाळा

एपीत मराठी नाही, हिंदीही नाही. त्यामुळे मराठी ट्रान्सक्रिप्टवर लिहायची तर आमच्या शाळेचं हजेरी आणि गुणांचं पत्र लागेल. ते मार्चमध्ये मागू नका. सत्र संपण्याआधी शिक्षकांना सांगा.

मृ., डब्लिन

सर्वांचे आभार. एका खासगी शाळेने पीएसएटीला होकार दिला. त्यांच्याच कोऑर्डिनेटरला कॅल्क्युलस बीसी आणि केमिस्ट्री या एपींचं आजच लिहिलं. सॅट काकांच्या म्हणण्याप्रमाणे नोव्हेंबरची घेतेय, लिव्हरमोरला जागा दिसतेय.

एक शेवटचं: तिच्याकडे स्वतःचं क्रोमबुक आहे, ते चालेल ना?

अ., ट्रेसी

नाही चालणार. ब्लूबुक (परीक्षा ज्यावर होते ते कॉलेज बोर्डाचं ॲप) फक्त शाळेच्या व्यवस्थापनातल्या क्रोमबुकवर चालतं, घरच्या नाही. विंडोज लॅपटॉप, मॅक किंवा आयपॅड हवा. काहीच नसेल तर कॉलेज बोर्डाकडून उसना मागता येतो, पण आधी सॅटची नोंदणी झालेली हवी आणि विनंती परीक्षेच्या किमान ३० दिवस आधी. पीएसएटीला शाळा स्वतःचं यंत्र देते का तेही त्याच ईमेलमध्ये विचार. ब्लूबुकमधला परीक्षेचा सेटअप पाच दिवस आधीपासून उघडतो, तेव्हाच करून प्रवेशपत्र छापून घे. चार्जर पिशवीत असू दे.