डर्बीशायरचे जुने रेल्वेमार्ग: दोन दिवसांची सायकलफेरी कोणत्या दिशेने करावी?

सिंहगड_पायथा

नमस्कार. मी, पत्नी आणि आमची तेरा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे गेली दोन वर्षे इंग्लंडमधल्या डर्बीत राहतो. पुण्यात असताना दर रविवारी पहाटे सिंहगडाचा पायथा गाठून परत येण्याचा माझा नेम होता, त्यामुळे चढाची मला धास्ती वाटत नाही. पण मुलीला वाहनांच्या रस्त्यावर सायकल चालवण्याची सवय नाही आणि पत्नीने बऱ्याच वर्षांनी सायकल पुन्हा हाती घेतली आहे. मे महिन्याच्या अखेरीस पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशाच्या दक्षिण भागात दोन दिवस सायकलने फिरावे, मुक्काम एखाद्या गावात करावा आणि शक्य तेवढा प्रवास बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून करावा, असा बेत आहे. टिसिंग्टन ट्रेल आणि हाय पीक ट्रेल ही दोन नावे सगळीकडे दिसतात, परंतु यांतला कोणता मार्ग कोणत्या दिशेने घ्यावा, हे नकाशा पाहून ठरवता येईना.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गेल्या ऑक्टोबरात दुसऱ्या एका भागात भाड्याने घेतलेल्या सायकलीचा मागचा ब्रेक उतारावर अचानक निकामी झाला आणि मुलगी थेट काटेरी झुडपात गेली. कोपर सोलवटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तेव्हापासून उतार दिसला की तिचे हात हँडलवर आखडतात. तेव्हा चढ कितीही चालेल, तीव्र उतार मात्र नको. आमच्या तिघांच्याही सायकली माउंटन बाइक आहेत. रेल्वेच्या वाटेवर त्यांचे ओझे होईल का, हेही सांगावे.

चुनखडीची_वाट

मी नॉटिंगहॅमला राहतो आणि गेली अनेक वर्षे या दोन्ही मार्गांवर सर्व ऋतूंत फिरलो आहे. माझा अनुभव असा की, नकाशावर दोन्ही मार्ग सारखेच दिसत असले तरी त्यांचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे, आणि त्याचे कारण ते कोणत्या काळात आणि कशासाठी बांधले गेले यात आहे. हे एकदा ध्यानात आले की दिशा आपोआप ठरते.

टिसिंग्टन ट्रेल ही ॲशबोर्न ते पार्सली हे अशी १३ मैलांची, म्हणजे सुमारे २१ किलोमीटरची वाट आहे. हा मार्ग १८९९ मध्ये सुरू झाला. तोवर वाफेच्या इंजिनाने गाडी डोंगरावर कशी न्यायची, याचे शास्त्र पक्के झाले होते, म्हणून अभियंत्यांनी जिथे टेकडी आली तिथे ती खोदली, जिथे दरी आली तिथे भराव घातला आणि चढ शेवटपर्यंत सारखा ठेवला. ॲशबोर्नहून निघाल्यावर तुम्ही सतत चढत असता, पण ते पायांना कळत नाही; फक्त अधूनमधून वाटते की आज गिअर एक पायरी हलका का लागतो आहे. या नियमाला एकच अपवाद आहे. ॲशबोर्नच्या बोगद्यातून बाहेर पडून थोडे पुढे गेलात की बेंटली ब्रुक हा ओढा लागतो. तिथला पूल आता नसल्यामुळे वाट एकदम खाली उतरून पुन्हा वर चढते. तिथे मुलीला आधीच थांबवून सायकल हातात धरून न्यायला सांगावे.

हाय पीक ट्रेलची गोष्ट निराळी आहे. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३१ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे रेल्वे हा प्रकारच नवा होता तेव्हा. दोन कालव्यांना जोडण्यासाठी तिची आखणी झाली आणि तिचे अभियंते जोसायस जेसप यांनी तीही कालव्यासारखीच आखली: लांबच लांब सपाट टप्पे, आणि कालव्यात जिथे पाण्याची दारे आली असती तिथे सरळ तीव्र उतरण. त्या उतरणींवर डबे साखळीने, पुढे तारेच्या दोराने ओढले जात आणि दोर फिरवायला माथ्यावर स्थिर वाफेचे इंजिन असे. तुम्ही पुण्याचे आहात म्हणून सांगतो, कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा चढ दर ३७ फुटांना १ फूट आहे आणि त्यासाठीसुद्धा गाडीला मागून जादा इंजिने लावतात. इथे होप्टनच्या उतरणीवर दर १४ फुटांना १ फूट चढ आहे, मिडल्टन आणि शीप पाश्चर या उतरणींवर तर साधारण दर ८ फुटांना १ फूट.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्या दिवशी ॲशबोर्नहून पार्सली हेपर्यंत चढावे आणि जवळच्या हार्टिंग्टन गावात मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पार्सली हेहून हाय पीक ट्रेलने आग्नेयेकडे मिडल्टन टॉपपर्यंत, म्हणजे मिडल्टनच्या उतरणीच्या माथ्यापर्यंत जावे. हे अंतर सुमारे १८ किलोमीटर आहे, त्यातला बहुतेक भाग सपाट आहे आणि मध्ये फक्त होप्टनची उतरण लागते. ती सायकलवरून उतरून पायी उतरली तर दहा मिनिटे जास्त जातील, एवढेच. मिडल्टन टॉपच्या पुढे मात्र दोन्ही मोठ्या उतरणींवर सायकलवर बसूच नये. त्या पायी उतरून, शेवटी कालव्याच्या काठाने सायकली ढकलत क्रॉमफर्ड स्टेशन गाठले की डर्बीची थेट गाडी मिळते. ॲशबोर्नला आता रेल्वे नाही, त्यामुळे सकाळी कोणी मोटारीने तिथे सोडले तर परत त्या गावी जाण्याची गरजच उरत नाही.

खाली पोहोचल्यावर शीप पाश्चरच्या पायथ्याजवळचा खड्डा मुलीला अवश्य दाखवावा. १८८८ मध्ये वरून सुटलेले डबे इतक्या वेगाने आले की खालचा कालवा आणि पलीकडचे रेल्वेचे रूळ ओलांडून शेतात पडले. त्यानंतर सुटलेले डबे अडवण्यासाठी हा खड्डा खोदण्यात आला आणि त्यात चुरगळलेल्या एका डब्याचे अवशेष अजूनही पडून आहेत.

गडग्यापलीकडे

वरील उत्तरातली माहिती अचूक आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. माउंटन बाइक असलेल्या माणसाने दोन दिवस फक्त रेल्वेच्या वाटेवर काढावेत, हे मला पटत नाही. रेल्वेची वाट तुम्हाला या प्रदेशाच्या अंगावरून अलगद नेते. त्याच्या घड्या कळायच्या असतील तर निदान दोन तास ती सोडावी लागते. चुनखडीचे हे पठार दुरून सपाट भासते आणि प्रत्यक्षात सारखे वरखाली होत राहते: एक हिरवी टेकडी, तिच्या पायथ्याशी घळ, घळीत ओढा, की पुन्हा टेकडी. सगळीकडे चुना किंवा सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेले गडगे आहेत. आमच्या कोकणातले जांभ्याचे गडगे आठवतात, फक्त इथला दगड पांढुरका करडा आहे.

कायद्याची बाजू समजून घ्यावी, कारण आपल्याकडून आलेल्या लोकांची इथेच गल्लत होते. इंग्लंडमध्ये शेतातून जाणाऱ्या ज्या पायवाटेवर पिवळा बाण असतो ती फक्त चालणाऱ्यांसाठी असते. निळा बाण असलेल्या ब्रायडलवेवर घोडेस्वारांबरोबर सायकलस्वारालाही जाता येते. हा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला आहे, पण चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट देण्याच्या अटीवर. घोडा समोरून येत असेल तर थांबून, मोठ्याने नमस्कार करून आपण माणूस आहोत हे घोड्याला कळू द्यावे. मागून गपचूप गेलेली सायकल त्याला बुजवते. फाटक ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ठेवावे, म्हणजे बंद असेल तर बंद, उघडे असेल तर उघडे. मेमध्ये शेतांत मेंढ्यांची पिल्ले असतात आणि एका उघड्या राहिलेल्या फाटकाने शेतकऱ्याचा अख्खा दिवस वाया जातो. ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा ओएल २४ हा नकाशा सोबत ठेवावा. त्यावर ब्रायडलवे लांब हिरव्या तुटक रेषांनी आणि पायवाटा आखूड रेषांनी दाखवलेल्या असतात.

सायकलीबद्दल: कोरड्या दिवशी रेल्वेची वाट पांढऱ्या पिठासारखी असते, तिथे माउंटन बाइक थोडी जड वाटेल. पाऊस पडला की तेच पीठ लापशीसारखे होते आणि चेन, ब्रेक, गिअर यांत जाऊन बसते. अशा वेळी रुंद टायर आणि डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीचे ओझे होत नाही, आधार होतो.

बार्शी_लाइन

मी मूळचा बार्शीचा असून सध्या स्टोकमध्ये नोकरीला आहे. तुमचा मुक्काम हार्टिंग्टनला असेल तर तिथून दोन-तीन मैलांवरच्या ह्यूम एंड या गावी तिसऱ्या दिवसाची एक सकाळ द्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. तिथून वॉटरहाउसेसपर्यंत ८ मैलांची मॅनिफोल्ड वे ही वाट जाते. ती पूर्ण डांबरी आहे, मॅनिफोल्ड नदीच्या वळणावळणाने जाते आणि तिला चढउतार जवळजवळ नाहीतच.

मी ती सुचवतो आहे त्याचे कारण मात्र दुसरेच आहे. ही वाट म्हणजे लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेचा जुना मार्ग. ती १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली आणि १९३७ मध्ये तिची पायवाट झाली. तिचे अभियंते होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हेच गृहस्थ १८८२ पासून जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या नोकरीत होते आणि यांनीच आमची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या बार्शी रोड स्टेशनातून, बार्शीपर्यंत ती १८९७ मध्ये धावू लागली आणि पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोहोचली. रुळांमधले अंतर दोन्हीकडे अडीच फूटच. बार्शीला जे शिकले तेच त्यांनी स्टॅफर्डशायरच्या या दरीत वापरले. इथल्या इंजिनांना भारतात लागतात तसे मोठे दिवेही बसवले होते. माझे आजोबा वारीच्या दिवसांत याच गाडीने पंढरपूरला जात आणि तिची शिटी शेतातून ऐकू यायची, असे सांगत. आता आमची लाइन ब्रॉडगेज झाली आहे. अडीच फुटी रुळांच्या आखणीने जमीन कशी दिसते, नदीचे वळण जसेच्या तसे कसे घेते, हे मला पहिल्यांदा कळले ते या परक्या दरीत सायकल चालवताना.

दोन सूचना. स्वेन्सलीचा बोगदा आणि तिथून वेटन मिलपर्यंतचा तुकडा मोटारींनाही खुला आहे, म्हणून मुलीला डाव्या बाजूने मध्ये ठेवून जावे. आणि उन्हाळा कोरडा असेल तर वेटन मिलच्या खाली नदी दिसेनाशी होते. पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीखाली जाते आणि पात्रात नुसते गोटे उरतात.

सिंहगड_पायथा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एक शंका उरते. पावसात डिस्क ब्रेक चांगले, हे समजले, पण मुलीच्या सायकलीला जुने रिम ब्रेक आहेत. तेवढ्यासाठी सायकल बदलावी का?

चुनखडीची_वाट

बदलण्याची गरज नाही. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर नवे घालावे, तार कुठे उसवली आहे का हे लिव्हरजवळ आणि ब्रेकजवळ अशा दोन्ही टोकांना पाहावे, कारण तार बहुधा तिथेच तुटते. पाण्याची एक जादा बाटली केवळ रिम धुण्यासाठी ठेवावी. ओल्या चुनखडीचे बारीक कण रबरात रुतले की ब्रेक दाबताना खर्र असा आवाज येतो. तो आला की थांबावे, रिमवर पाणी ओतावे आणि फडक्याने पुसावे. नाहीतर ते कण रिम कानशीसारखे घासत राहतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: तार तिलाच तपासू द्यावी. आपला ब्रेक आपण पाहिला आहे, हे माहीत असले की हात सैल होतात.

सिंहगड_पायथा

काल रात्री परतलो. पहिला दिवस लख्ख कोरडा होता. टिसिंग्टन गावात विहिरी सजवण्याचा वार्षिक सण नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे ओल्या मातीच्या फळ्यांवर पाकळ्या खोचून केलेली चित्रे किंचित सुकलेल्या अवस्थेत का होईना, पाहायला मिळाली. पत्नी तिथे अर्धा तास रमली. पाकळी बोटाने कशी दाबली असेल, हे ती रांगोळीच्या हिशेबाने समजून घेत होती. पार्सली हेला पोहोचेपर्यंत आपण दोनशे मीटरच्या वर चढून आलो, यावर दोघींचाही विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिपरिप होती. मिनिंगलो टेकडीजवळच्या भरावावर वारा आडवा लागला. तो भराव दगडांनी इतका नेटका बांधला आहे की खाली उतरून पाहिल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. त्याआधी गोथमचे वळण लागले होते. रेल्वे इतकी काटकोनात वळू शकते हे मला माहीत नव्हते. होप्टनची उतरण सुरू होण्याआधी मुलीने स्वतःहून थांबून मागच्या रिमवर पाणी ओतले, लिव्हर दोनदा दाबून पाहिली आणि निम्म्या उतारापर्यंत सायकल हातात धरून गेली. खालचा निम्मा भाग ती बसून उतरली, दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत. मी मागे राहिलो आणि काही बोललो नाही.

मिडल्टन टॉपचे १८२९ चे इंजिन पाहिले. चुरगळलेला डबाही पाहिला. क्रॉमफर्डला गाडीत आमच्या आधीच दोन सायकली असल्याने पुढच्या गाडीची वाट पाहावी लागली, हे इतरांनी लक्षात ठेवावे. ब्रायडलवे या वेळी जमला नाही. मॅनिफोल्डची सकाळही राहिली. ती जुलैमध्ये करणार आहोत आणि त्यासाठी हार्टिंग्टनची तीच खोली पुन्हा सांगून ठेवली आहे.