संस्था ‘टिकते’ की ‘चालते’?

प्रश्न (पंचवटी, नाशिक) : आमच्या भागातील एका जुन्या वाचनालयाच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे आहे. प्रास्ताविकात मी ‘ही चिरस्थायी संस्था’ असे लिहिले होते. मुद्रिते तपासणाऱ्या एका ज्येष्ठ सभासदांनी ‘चिरस्थायी’वर लाल रेघ मारून समासात ‘चालती’ असे लिहून पाठवले. ‘चालती संस्था’ म्हटले की मला किराणा दुकानाविषयी बोलल्यासारखे वाटते. चार-पाच पिढ्या टिकलेल्या संस्थेसाठी कोणता शब्द योग्य ठरेल? ‘संस्था’ आणि ‘संस्थान’ यांत नेमका फरक काय, तेही कळावे.

उत्तर : आपल्या ज्येष्ठांची लाल रेघ मला पटते. ‘संस्था’ म्हणजे सम् + स्था. ‘एकत्र उभे राहणे’ हा मूळ भाव, आणि त्यावरून स्थिती, मर्यादा, व्यवस्था हे अर्थ. गंमत अशी, की संस्कृतात याच शब्दाला समाप्ती आणि मृत्यू हेही अर्थ आहेत. ‘संस्थित’ म्हणजे मृत. याज्ञिकांच्या परिभाषेत अग्निष्टोमापासून आप्तोर्यामापर्यंत सात सोमसंस्था सांगितल्या आहेत, आणि यागाची सांगता कोणत्या स्तोत्राने होते यावरून त्यांचे प्रकार ठरतात. शब्दाच्या पोटात चिरस्थायित्व मुळातच नाही. ते विशेषणाने वरून चिकटवले, की ज्याला संस्कृत येते त्याच्या कानाला खटकते.

‘संस्थान’ची गोष्ट वेगळी. तो शब्द एकतर राज्यासाठी येतो (आपल्याच जिल्ह्यातील सुरगाणा 1948 मध्ये विलीन होईपर्यंत संस्थान होते), किंवा देवस्थान, समाधी, मठ यांसाठी, जसे त्र्यंबकेश्वरचे निवृत्तिनाथ समाधी संस्थान. तेथे गादी, इनाम, पूजेचा हक्क असे काहीतरी हस्तांतरित होत आलेले असते. वाचनालयाला गादी नसते. त्याला दरवर्षी वर्गणी भरणारे सभासद लागतात, म्हणून ती संस्था.

आता ‘चालती’विषयी. मराठीत संस्था आपण ‘स्थापतो’ एकदाच, पण ‘चालवतो’ रोज. मंदिराच्या व्यवस्थापकाला जुना शब्द आहे ‘वहिवाटदार’, म्हणजे वहिवाट पाहणारा, मालक नव्हे. हा भेद मला मोलाचा वाटतो. आजच्या न्यासांच्या भाषेत त्याची जागा ‘विश्वस्त’ने घेतली, आणि विश्वस्त बदलला की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ द्यावा लागतो. कंटाळवाणा कागद खरा, पण एका पिढीचा हात सुटून दुसऱ्या पिढीचा हात लागला याची तेवढीच नोंद सरकारदरबारी राहते. माझ्या परिचयाच्या एका न्यासात लागोपाठ तीन चेंज रिपोर्ट दिलेच गेले नव्हते. दप्तरी विश्वस्त म्हणून ज्यांची नावे होती त्यांपैकी कोणीही हयात नव्हते आणि बँक नव्यांच्या सह्या मानेना. इमारत उभी होती, संस्था मात्र संस्कृत अर्थाने ‘संस्थित’ व्हायच्या बेतात होती.

रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. लांबट वही, वर कापडी बासन, आत गाव आणि आडनाव यांनुसार यजमानांची नामावळ. उपाध्ये पणजोबांची मोडीतील नोंद बोटाने दाखवतात, तिच्याखाली आजोबांची देवनागरी सही असते आणि त्याखाली आपण नातवंडांची नावे भरून द्यायची. पाने जीर्ण झाली की नवी वही घालून नोंदी उतरवून घेतात. म्हणजे मूळ वस्तूही कायम राहत नाही. उतरवून घेण्याची रीत राहते. भाऊ वेगळे झाले, तर भांड्याकुंड्यांप्रमाणे यजमानांच्या गावांचीही वाटणी होते, हे आणखी एक.

पुस्ती (सटाणा) : ‘वहिवाटी’च्या जोडीला आमच्या बागलाणातील ‘फड’ हा शब्द ठेवावा. मोसम, आरम या नद्यांवरील बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनीच वाटून घेण्याची ही पद्धत काही शतके चालत आली आहे. भिजणाऱ्या जमिनीचे भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि पाणी पाळीने. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे, राखणीचे जागल्याकडे. मालकाने स्वतः पाटाचे दार उघडायचे नाही. आमच्याकडे ‘फड टिकला’ असे कोणी म्हणत नाही. ‘फड चालू आहे’ किंवा ‘फड मोडला’ असेच म्हणतात. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढायला माणसे आली नाहीत, की मोडलाच म्हणून समजावे. (तमाशाचाही फडच, आणि तोही मोडतो.)

उत्तर : पुस्ती उत्तम आहे. ‘मोडणे’ हे क्रियापद मला सुचले नव्हते. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 मधले, म्हणजे संस्थांच्या नोंदणीचा 1860 चा कायदा आणि सार्वजनिक न्यासांचा 1950 चा कायदा, या दोहोंहून वयाने मोठे. तेव्हा ‘नोंदणीकृत’ या शब्दानेही वय कळत नाही. ‘अविरत’, ‘अखंड’ हे शब्द वापरायचे, तर आधी इतिवृत्ते तपासावीत. ‘पिढीजात’ मात्र टाळावा. तो धंद्याला किंवा वैराला शोभतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. इतिवृत्ते काढून पाहिली. मध्यंतरी दोन वर्षे छत गळत असल्यामुळे वाचनालय बंद होते आणि त्या काळात एक सभासद मासिके आपल्या ओटीवर ठेवून वाटत असत, अशी नोंद निघाली. म्हणून ‘अखंड’ही काढला. वाक्य आता असे केले आहे : ‘सभासदांनी चालती ठेवलेली ही संस्था’. ओटीवरच्या मासिकांना पुढे वेगळा परिच्छेद दिला आहे.