वय नको, गरज बघा

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये चौतिशीतल्या सेंटरसाठी, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूसाठी, तरुण खेळाडू देणं म्हणजे भविष्य गहाण टाकणं, हे मत मला अजिबात पटत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये टोरांटोने नेमकं हेच केलं. वॅलानचूनास, डेलॉन राइट, सीजे माइल्स आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक (ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क) देऊन 34 वर्षांचा सेंटर मार्क गसोल घेतला. पुढे प्लेऑफमधली (हंगामानंतरची बाद फेरी) फिलाडेल्फियाविरुद्धची मालिका आठवा. त्यांचा सेंटर एम्बीड पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, जागा धरायला आला की चेंडू हातात पडायच्या आधीच गसोल छातीने रेटून त्याला रिंगपासून दोन पावलं लांब ठेवायचा. हंगामात सामन्यामागे 27.5 पॉइंट्सची सरासरी असलेला एम्बीड त्या मालिकेत 17.6 वर आला, आणि जूनमध्ये टोरांटो चॅम्पियन! असली कामं स्कोअरशीटवर दिसत नाहीत, म्हणून पॉइंट्स मोजून सेंटरची किंमत ठरवू नका.

सेंटर अल हॉरफर्डचंही तेच. 2021 मध्ये बॉस्टनने पस्तिशीतल्या हॉरफर्डला परत आणताना पहिल्या फेरीचा पिक दिला. 2022 मध्ये मिलवॉकीत त्याने प्लेऑफच्या एका सामन्यात 30 पॉइंट्स केले, 2024 मध्ये विजेतेपद मिळालं.

अर्थात दोन्ही संघ आधीच तयार होते. आपला संघ प्लेऑफच्याही बाहेर असेल, तर मात्र पहिल्या फेरीचा पिक मी देणार नाही.