खान्देशातून कोकणात गळ टाकायला जाणाऱ्याला ६.२ चं रीळ खरंच लागतं का?

तापीकाठचा, भुसावळ

आमच्या हतनूर धरणावरच्या गटातले तिघे दिवाळीनंतर कोकणात जाणार आहेत. तिघांनाही खाऱ्या पाण्याचं स्पिनिंग रीळ (गळाची दोरी गुंडाळायचं यंत्र) घ्यायचंय आणि तिघांचा प्रश्न एकच: "६.२ मिळेल का?" माझं मत उलटं आहे. वर्षातून दोनदा समुद्र बघणाऱ्याने ५.६ च्या आसपासचं रीळ घ्यावं. अतिवेगवान रीळ घेऊ नये.

६.२:१ हा गिअर रेशो, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (स्पूलभोवती, म्हणजे दोरीच्या चकरीभोवती, फिरून दोरी गुंडाळणारा भाग) ६.२ वेळा फिरतो. दोरी झपाट्याने येते, पण तेवढंच वजन ओढायला हाताला जोरही जास्त लागतो. ४.९ च्या हळू रिळाच्या तुलनेत सव्वापट. तोरणमाळचा घाट कोणी टॉप गिअरमध्ये चढत नाही. खडकाळ किनाऱ्यावर मोठा मासा खाली दडी मारतो तेव्हा त्याला वर आणायला जोर हवा असतो, आणि आपल्या हाताला सवय मरळीची.

गळकरी धुळे

दादा, घाटाचं उदाहरण मला पटलं नाही. मोठा मासा आपण हँडलने ओढतच नाही. रॉड वर उचलायचा आणि खाली आणताना सुटलेली दोरी भरायची. त्या खाली येण्याच्या क्षणी जो झटपट दोरी भरेल त्याच्या हातात मासा राहतो. तिथे ६.२ च कामाला येतं.

हिशोब बघा. स्पूलवर दोरीचा व्यास ६० मिमी धरला तर एका वेढ्यात साधारण १९ सेंमी दोरी बसते. ६.२ च्या रिळावर एका फेऱ्यात ११७ सेंमी, ४.९ वर ९२ सेंमी. मिनिटाला ८० फेरे मारले तर पहिल्यावर ९३ मीटर येतात. तोच वेग दुसऱ्यावर गाठायला शंभराच्या वर फेरे मारावे लागतील. सुरमई पळत्या लुअरवर (नकली आमिषावर) तुटून पडते. हळू आलेल्या लुअरकडे ती बघून वळते, हे मी होडीवरून डोळ्यांनी पाहिलंय.

पुळणीवर तर आणखी कठीण. लाट आपल्याकडे येते तशी लुअरलाही घेऊन येते, दोरी सैल पडते आणि मासा लागला तरी हाताला कळत नाही. लाटेपेक्षा जलद गुंडाळता आलं पाहिजे. शिवाय खडकात शिसं (दोरीला बांधलेलं वजन) अडकू द्यायचं नसेल तर ते वेगाने वर उचलावं लागतं.

अमळनेरवाला

भाऊ, आपलं पानी गोडं शे. खारा पानीनं रीळ कसाले? वर्षातले चार दिवस कोकणात आणि बाकी सगळे दिवस गिरणा, तापी, हतनूर. त्या पैशांत ३००० आकाराचं चांगलं रीळ घ्या, मरळीला आयुष्यभर पुरेल. कोकणात भाड्याच्या होडीवर सामान मिळतं का ते आधी विचारा.

तापीकाठचा, भुसावळ

धुळेकर, सैल दोरीचा मुद्दा मान्य. पण आपली मंडळी एक चूक हमखास करतात. मासा दोरी ओढून नेत असतो, ड्रॅग (ओढ जास्त झाली की दोरी सोडणारा ब्रेक) करकरत असतो आणि हे हँडल फिरवतच राहतात. तेव्हा दोरी आत येत नाही, नुसता पीळ बसतो. ६.२ वर प्रत्येक फेऱ्याला सहा पीळ. पन्नास फेरे मारले की तीनशे! पुढच्या फेकीला ब्रेडचा (विणलेल्या दोरीचा) गुंता होतो. वेग जास्त तशी या चुकीची शिक्षाही जास्त.

आणि "६.२ चा ड्रॅग जास्त ताकदीचा असतो" हा समज काढून टाका. ड्रॅग स्पूलवर असतो, गिअरशी त्याचा संबंध नाही.

नंदुरबारकर

६.२ की ५.६ यावर तुम्ही भांडताय, माझं रीळ मात्र मिठाने खाल्लं. समुद्र म्हणजे आपल्याला जवळचा सुरतेकडचा, गाडी थेट आहे. पण खंभातच्या आखातात भरती मोठी आणि पाणी गढूळ, लुअरला उपयोग नाही. म्हणून मीही कोकणच धरलं. मे महिना होता. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गळ टाकला, रीळ तसंच पिशवीत घातलं आणि रात्रभर प्रवास करून घरी आलो. इथे त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी उघडली तर लाइन रोलर (दोरी ज्यावरून सरकते ती छोटी चकरी) फिरेना, बेअरिंगमध्ये पांढरं मीठ. दोरी त्यावर घासली आणि पुढच्या फेरीत मासा तुटला. महिनाभर जेवण गोड लागलं नाही मला.

आता मुक्काम सोडण्याआधीच धुतो. ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे वॉशरमध्ये पाणी जात नाही. मग साध्या पाण्याची हलकी धार. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकललं जातं. पुसून सावलीत वाळवायचं, ड्रॅग सैल करून ठेवायचा. पेनच्या स्पिनफिशर ६ ला आयपीएक्स ५ चं (पाण्याचा फवारा अडवणारं) सील आहे, तसं काहीतरी घ्या. आपण समुद्रापासून रात्रभराच्या वाटेवर राहतो, आपल्याला वेगाआधी सील हवं.

गळकरी धुळे

नंदुरबारकर, हे शंभर टक्के. सील आधी.

पण आकड्यावरचं माझं मत तसंच आहे. शिमानोच्या स्टेला एसडब्ल्यूमध्ये १४००० या एकाच आकारात एक्सजी (वेगाचं) ६.२ आणि पीजी (जोराचं) ४.४ अशी दोन रिळं मिळतात. लांब फेकून स्टिकबेट (काडीसारखं लुअर) वेगाने आणायला पहिलं, खोल पाण्यात उभी जिग (धातूचं जड लुअर) मारायला दुसरं. कामानुसार रीळ. आपण खान्देशातले लोक जातो ते फेकायला. किनाऱ्यावरून किंवा छोट्या होडीतून. खोल जिगिंग किती जण करतात?

तापीकाठचा, भुसावळ

फक्त स्टिकबेट मारणार असेल तर ६.२ घे, मी हात जोडतो. पण आमच्या तिघांतला एक पॉपर (पाण्यावर तरंगणारं लुअर) मारणार आहे. पॉपर पाणी फोडत येतो, प्रत्येक ओढीला पाण्याचा अडथळा. ६.२ वर तासाभरात मनगट भरून येईल. दुसरा आमिष लावून पुळणीवर बसणार, त्याला वेगाचं काम फक्त शिसं उचलण्यापुरतं. त्या दोघांना मी ५.६ च सांगणार. आणखी एक गोष्ट तुझ्या हिशोबात राहिली. लांब फेक गेली की स्पूलवर दोरी कमी होते. व्यास ६० चा ५० मिमी झाला की तुझे ११७ सेंमी ९७ वर येतात. म्हणजे ६.२ घेऊन स्पूल अर्धवट भरलेला असेल तर वेगाचे पैसे पाण्यात. स्पूल काठापर्यंत भरा, दीड-दोन मिमी सोडून.

अमळनेरवाला

तिसरा काय मारणार ते सांगा. आणि मरळीचं रीळ कोणाला विकायचं असेल तर मला आधी कळवा.