नावात ‘दुर्मीळ’, आत ताजा माल

‘पुस्तक बाजारात मिळतच नाही, मग पीडीएफ उतरवली तर कुणाचं काय गेलं’ हा मुद्दा मला अर्धाच पटतो. जुन्यांपैकी बरीच पुस्तकं तर मुळात मोकळीच आहेत. आपल्याकडे लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं पुस्तकावरचा हक्क (कॉपीराइट) राहतो (आधी ५० होती, टागोरांचे हक्क संपत आले तेव्हा १९९२च्या दुरुस्तीत दहा वाढवली). साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली पुस्तकं २०११ पासून कुणीही छापावीत, कुणीही उतरवावीत. तिथे चोरीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे समर्थनाचीही गरज नाही.

पण मी नावात ‘दुर्मीळ’ असलेल्या एका टेलिग्राम ग्रुपवर दोनेक वर्षं होतो. तिथे एके दिवशी माझ्या मावशीचं पुस्तक आलं. छापून जेमतेम चार महिने झालेले, किंमत अडीचशे, दुकानात गठ्ठे पडलेले. मोबाइलवर काढलेले फोटो, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. पहिल्या पानावर ‘सस्नेह भेट’, खाली मावशीची सही. ज्याला दिलं त्याचं नाव तेवढं काळ्या पट्टीखाली झाकलेलं. म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं फुकट दिलेलीच प्रत! खाली चाळीस-पन्नास नमस्काराचे हात आणि एकाचा निरोप: ‘धन्यवाद, विकत घेणारच होतो.’ मावशीला मी अजून सांगितलेलं नाही. नाव झाकलेलं असलं, तरी अंगठ्यावरून तिनं माणूस नक्की ओळखला असता.