१९९४ ची टाटा इस्टेट विक्रीला आहे, घेण्याआधी काय काय तपासावं?

घाटवाट
दापोलीजवळ एक टाटा इस्टेट (जुनी स्टेशन वॅगन) विकायची आहे. १९९४ चं मॉडेल, डिझेल, एमएच-०८ पासिंग, पहिल्यापासून एकाच घरात. मीटरवर १,४२,००० किमी. गेली तीन वर्षं पत्र्याच्या शेडखाली उभी आहे, अधूनमधून नुसती चालू करतात. पासिंग २०२४ मध्ये संपलंय. १,६०,००० सांगतायत. प्रदर्शनात ठेवायची नाही, घरच्या पाच माणसांना घेऊन सामानासकट फिरायचंय. रविवारी बघायला जाणार आहे. काय तपासू आणि काय दिसलं तर सरळ परत फिरू?

पत्राकाम
समुद्रकाठची गाडी आहे, तेव्हा बॉनेट उघडण्याआधी खाली वाका. हिला मोनोकॉक (चेसिस आणि बॉडी एकच असलेली) बॉडी नाही. वेगळी चेसिस आहे आणि तिच्यावर रबरी माउंटवर बॉडी बसवलीय. त्यामुळे गंज दोन जागी शोधावा लागतो, आणि चेसिसचा जास्त गंभीर.

छोटी हातोडी, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सोबत न्या. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) चेसिसला जिथे टांगलेत त्या ब्रॅकेटभोवती हातोडीने ठोका. पत्रा खणखणीत वाजला पाहिजे. ‘थप्प’ असा आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत गेलं तर गाडी सोडून द्या. तिथे पट्टी मारून वेल्डिंग केलेलं असलं तरी तेच, कारण मागचा सगळा भार त्याच जागेवर येतो. काळं अंडरकोटिंग ताजं दिसलं तर संशय घ्या. शेडमध्ये उभ्या गाडीला कोणी उगाच कोटिंग करत नाही.

मग बॉडी. दारांच्या खालच्या कडा (पाणी निचऱ्याची भोकं बुजली की दार आतून सडतं), मागच्या चाकांच्या कमानी, डिकीच्या दाराची खालची कड आणि मागच्या काचांच्या बीडिंगखालचा (काचेभोवतीच्या पट्टीखालचा) पत्रा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. पुढच्या पायदानातली मॅट आणि तिच्याखालचं फेल्टही उचला. फेल्ट ओलं असेल तर पाणी बहुधा पुढच्या काचेच्या रबरातून येतंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन-गिअरबॉक्सचे बरेच भाग टाटाच्याच सिएरा, सुमो, २०७ पिकअप यांच्याशी जुळतात, ते आजही मिळतात. पण डिकीचं दार, मागच्या बाजूच्या लांब काचा, टेल लॅम्प आणि बीडिंग फक्त इस्टेटचं. निर्मिती २००० च्या सुमारास थांबली, त्यामुळे हे सामान भंगारवाल्याकडे दुसरी इस्टेट सापडली तरच मिळणार. म्हणून या गाडीचं मोल पत्रा आणि काचांवर ठरवा. इंजिन थकलेलं पण बॉडी पूर्ण, अशी इस्टेट मी घेईन. उलटी कधीच नाही.

नोझल_टेस्टर
वरच्या मताशी सहमत, पण इंजिनकडे दुर्लक्ष नको. हिचं इंजिन ४८३ डीएल, १९४८ सीसी, टर्बो नसलेलं.

विक्रेत्याला आधीच सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून खात्री करा. चावी फिरवा, हीटर प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझू द्या, मग स्टार्टर. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास मिनिटभरात गेला तर बहुधा एखादा हीटर प्लग गेलाय, काम किरकोळ. गेलाच नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बहुधा कमी आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा धूर म्हणजे आधी एअर फिल्टर बघा, मग नोझल (डिझेल फवारणारे).

इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून तसंच तोंडावर ठेवा. नुसतं थरथरलं तर ठीक. उडून पडलं आणि धूर फकफक यायला लागला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग-लायनर संपलेत. शक्य असेल तर गेज लावून कॉम्प्रेशन मोजून घ्या. २० बारच्या खालचा सिलिंडर असेल किंवा दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक असेल, तर ओव्हरहॉलचा खर्च किमतीतून वजा करा.

रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. तेलाचा तवंग नको, चालू इंजिनवर सतत बुडबुडे नकोत. सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक झाला तर हेड गॅस्केट उडालंय, किंवा हेडला तडा आहे.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) बदलल्याची पावती नसेल तर बेल्ट आणि टेन्शनर पहिल्याच आठवड्यात बदला. वरून चांगला दिसतोय म्हणून ठेवू नका, रबर वयाने मरतं. चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला धडकतात.

फ्युएल पंपाची परीक्षा गरम इंजिनवर घ्या. १५-२० किमी चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा स्टार्टर मारा. सकाळी पटकन लागलेली गाडी आता नुसतं क्रँक करत राहिली, तर पंपावर ओलं फडकं टाकून बघा. पंप गार झाला की डिझेल थोडं दाट होतं, आणि मग लगेच लागली तर पंपाचा हेड-रोटर (आतला दाब तयार करणारा भाग) झिजलाय. हे काम महाग आहे.

ब्रेक: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर अल्टरनेटरवरचा व्हॅक्युम पंप, त्याचा होज किंवा बूस्टर (ब्रेकला जोर देणारा डबा) बघा. डिझेलला इनटेकमधून व्हॅक्युम मिळत नाही, म्हणून हा पंप असतो. त्याचं सील गेलं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरून तोही जातो.

पुढे टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळणारे दांडे) आहेत. सपाट जागी दोन्ही चाकांच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजा. बारीक फरक बार ॲडजस्ट करून निघतो. टायर आतून खाल्ले असतील तर बॉल जॉइंट आणि बुश बघा. दापोली-खेड रस्त्यावरच्या चढावर तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनची रेस वाढली आणि वेग तोच राहिला, तर क्लच प्लेट संपलीय.

पासिंगवाला
कागद. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, पासिंगच्या नूतनीकरणाला २५. पासिंग आणि त्यासोबतचा पर्यावरण कर विक्रेत्याने भरून मग विकावा, हे चांगलं. उशिराचा दंड महिना ₹५०० ने वाढतोय. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून ₹१०,००० आहे. ‘व्हिंटेज’ म्हणून कोणी सांगत असेल तर कायद्यात ती ५० वर्षांनंतरच होते.

पीयूसी तुमच्या डोळ्यांसमोर काढायला सांगा. या वयाच्या डिझेलला मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप). आकडा जवळ आला तर नोझल कॅलिब्रेट करावे लागतील.

घाटवाट
बघून आलो. चेसिस खणखणीत वाजतेय, पाट्यांचे ब्रॅकेट कोरडे. झाकण नुसतं थरथरलं. गरम असतानाही लगेच लागली. पण इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, मालक म्हणाले सुमोचं बसवलंय. आणि मागची डावी लांब काच नाही, तिथे ॲक्रिलिक बसवलंय.

पासिंगवाला
सुमोचं ४८३ डीएल चालतं. पण ती नोंद आरसीवर मालकानेच आरटीओत करून घ्यावी, त्या इंजिनच्या खरेदीच्या कागदासकट. कागद नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका, पासिंग तिथेच अडेल.

पत्राकाम
काचेचा शोध आत्ताच सुरू करा, सौदा झाल्यावर नको. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीची काच कापून बसवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. भंगारात इस्टेट सापडली तर काच बीडिंगसकट उचला, आणि तिचे टेल लॅम्पही घेऊन ठेवा. तोवर ॲक्रिलिकच्या कडेने पाणी शिरत नाही ना ते पाइपने पाणी मारून बघा, नाहीतर खालचा पत्रा एका पावसाळ्यात जाईल. इंजिनचे कागद निघाले तर १,२५,००० पर्यंत बोला. ब्रॅकेट कोरडे असलेली कोकणातली इस्टेट सहज मिळत नाही.