बोर्ड सोडून बुडी मारण्याबद्दल

सर्फिंग करताना समोरून येणारी लाट मोठी असली की बोर्ड सोडायचा आणि सरळ तळाकडे बुडी मारायची, असं काहींनी सुचवलंय. मागे कुणीच नसेल तर एक वेळ ठीक. पण नऊ फुटी बोर्डाला साधारण तेवढीच लांब लीश, म्हणजे पायाला बांधलेली दोरी, असते, म्हणजे मागच्या अठरा फुटांत जो असेल त्याच्या डोक्यात तो बसू शकतो. शिवाय लीश ताणते ते वेगळंच. आणि तुटली, तर बसा पोहत.

डक डाइव्ह, म्हणजे बोर्ड दाबून त्याच्यासकट लाटेखालून जाणं, हे लहान बोर्डाचं काम, जाडजूड बोर्ड पाण्याखाली जातच नाही. त्याला टर्टल रोल, म्हणजे बोर्ड धरून त्याच्यासकट उलटायचं आणि लाट वरून जाऊ द्यायची, हे बरोबर. पण उलटल्यावर पकडायचं कुठे, हे कुणी लिहिलं नाही. मी आधी मधोमध धरायचो. लाटेचा फेस बोर्डाच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, शिरला की बोर्ड हातातून हिसकला जायचा. एकदा कड हनुवटीवर अशी आपटली की आठवडाभर घास चावताना कळ यायची. आता खांद्यांच्या थोडं पुढे दोन्ही कडा धरतो, वेग न मोडता उलटतो आणि लाट अंगावर येताना नाक खाली, तिच्याकडे ओढतो. बोर्ड तिरका झाला तर मात्र यातलं काहीही चालत नाही.